कॅलिफोर्नियाच्या कायद्याला ज्याचं नाव आहे तो जेसी अन्रू कोण?

टॅबकी, ऐरोली

मी ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग करते. म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता येते का ते तपासायचं. माउस बाजूला ठेवायचा आणि नुसत्या कीबोर्डवर ती चालते का ते बघायचं. मग स्क्रीन रीडर लावून डोळे मिटून ऐकायचं, की बटणाचं नाव नीट वाचलं जातंय की नुसतं ‘बटण, बटण, बटण’ चाललंय. आमचे बरेचसे क्लायंट कॅलिफोर्नियातले दुकानदार आहेत. कोणी सोफे विकतं, कोणी चपला, एक जण तर फक्त मेणबत्त्या.

आम्ही दोष नोंदवले की त्यांच्या वकिलाकडून जी शीट परत येते तिच्यात एक रकाना असतो, ‘अन्रू’. हो किंवा नाही. ‘हो’ आलं की ते काम शुक्रवारी रात्रीसुद्धा सोमवारवर ढकलता येत नाही. टीममध्ये कोणी म्हणतं हे लघुरूप आहे, कोणी म्हणतं गाव आहे. शोधलं तर माणूस निघाला. जेसी अन्रू, १९५०-६० च्या दशकातला कॅलिफोर्नियाचा आमदार. गव्हर्नर कधी झाला नाही, वॉशिंग्टनला कधी निवडून गेला नाही.

माझे प्रश्न दोन. कायदा १९५९ चा आहे, तेव्हा वेबसाइट नव्हत्या, मग हे नाव माझ्या शीटमध्ये कसं काय आलं? आणि एका राज्याच्या आमदाराने असं काय केलं की साठ-पासष्ट वर्षांनी त्याचं नाव घेऊन दुकानदार घाबरतात? आमच्या सेक्टरमध्ये आमदारांची नावं बसथांब्यावर, बाकांवर आणि ओपन जिमवर असतात, आणि पुढची निवडणूक झाली की रंगवून बदलतात.

विकिपीडिया वाचून झालाय. कोणाला त्यापलीकडे काही माहीत असेल तर सांगा.

वाशीचा बोका

आमदार तो आमदार, ऐरोली काय नि कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो काय. कोणीतरी सचिवाने कायदा लिहिला असणार, याने सही ठोकली असणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खाडीपलीकडची वकील

टॅबकी, पहिल्या प्रश्नापुरतं मी सांगते. मी बेलापूरला प्रॅक्टिस करते आणि मधली काही वर्षं अमेरिकन फर्मसाठी कागद तपासायचं काम केलंय, त्यामुळे हे प्रकरण ओळखीचं आहे.

कॅलिफोर्नियात १८९७ पासून एक कायदा होता. खाणावळ, हॉटेल, न्हाव्याचं दुकान, नाटकगृह अशा ठिकाणी कोणालाही वंशावरून हाकलायचं नाही. कागदावर छान. पण त्यात ठिकाणांची यादी होती, आणि यादी आली की कोर्ट विचारतं, तुमचं ठिकाण यादीत आहे का? १९५५ मध्ये निकाल आला की दफनभूमी त्यात बसत नाही. १९५७ मध्ये दंतवैद्याचा दवाखाना बसेना. १९५९ मध्ये एका खासगी शाळेने कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश नाकारला, तर शाळाही बाहेर. म्हणजे कायदा जिवंत, पण दर निकालागणिक त्याचा एकेक अवयव गळत चाललेला.

अन्रूच्या १९५९ च्या कायद्याने यादी फेकून दिली आणि लिहिलं, कोणत्याही प्रकारची का असेना, प्रत्येक व्यावसायिक आस्थापना. वंश, वर्ण, धर्म, पूर्वजांचं मूळ, राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव नाही. मोडलात तर प्रत्यक्ष नुकसानभरपाईशिवाय वर २५० डॉलर. इतकं सैल कापड शिवलं म्हणूनच पुढे त्यात काहीही मावलं. १९७० मध्ये सॅन राफाएलच्या शॉपिंग सेंटरमधून एका माणसाला बाहेर काढलं, कारण तो लांब केसांच्या, विचित्र कपड्यांच्या मित्राशी बोलत होता. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलेली कारणं ही उदाहरणं समजा, मर्यादा नव्हे. १९८५ मध्ये एका गाडी धुण्याच्या सेंटरने ‘लेडीज डे’ ठेवून बायकांना सवलत दिली म्हणून एक पुरुष कोर्टात गेला आणि जिंकला. ही केस मी ज्युनियर्सना आवर्जून सांगते, वाशीतल्या पबवाल्यांची आठवण काढून.

अपंगत्व त्यात आलं १९८७ मध्ये. १९९२ मध्ये जोडलं गेलं की केंद्रीय अपंगत्व कायद्याचा भंग हा आपोआप अन्रू कायद्याचाही भंग. खरी मेख इथे आहे. केंद्रीय कायद्यात खासगी फिर्यादीला पैसे मिळत नाहीत. दुरुस्ती करा असा हुकूम मिळतो आणि वकिलाची फी. अन्रूखाली मात्र आता प्रत्येक भंगाला किमान ४,००० डॉलर. तुझा मेणबत्तीवाला त्यासाठीच झोपत नाही. अर्थात २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की ज्याचं दुकान फक्त इंटरनेटवर आहे, प्रत्यक्षात कुठेच नाही, त्याला ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणून केंद्रीय कायद्याच्या वाटेने पकडता येणार नाही. त्यामुळे रकान्यात हो लिहायचं की नाही, हे दुकानाला दार आहे का यावर बरंच अवलंबून.

आपल्या राज्यघटनेत कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव हे सगळं १९५० पासून आहे. पण ती यादीच आहे, एवढं नोंदवून ठेवते.

माणसाबद्दल मला फार माहिती नाही. नौपाड्याचे काका इथे असतात, त्यांना हाक मारा.

प्रतिवेदक, नौपाडा

हाक ऐकली.

टॅबकीताई, आधी माझी ओळख देतो, म्हणजे मी कुठल्या खिडकीतून बघतोय ते कळेल. मी विधानमंडळ सचिवालयात प्रतिवेदक होतो. सभागृहात सदस्य जे बोलतात ते लघुलिपीत उतरवायचं, आपली पाळी संपली की उठायचं, दुसरा बसतो, आपण जाऊन टंकलेखन करायचं. सदस्य ओरडत असोत, राजदंडाला हात घालत असोत, आपली पेन्सिल थांबत नाही. ठाण्याहून सकाळची लोकल, डिसेंबरात नागपूर, असं आयुष्य गेलं. मंत्री पुष्कळ पाहिले. पण मला कुतूहल असायचं ते मागच्या बाकावरच्या आमदाराचं. तो उभा राहून जे बोलतो ते त्याच्या हातात कोणी दिलं? कधी मतदारसंघातल्या मास्तरांनी, कधी वर्तमानपत्राच्या कात्रणाने आणि कधी कंत्राटदाराने. कागद बघून ओळखू यायचं. कंत्राटदाराचा कागद सगळ्यांत नीट टाइप केलेला.

मुलगा फॉलसमला असतो, सॅक्रामेंटोहून जवळच. आमचे लोक तिथे गेले की ताहो तलाव बघतात. मी आधी कॅपिटॉल, म्हणजे तिथलं विधानभवन, बघितला. प्रवेश फुकट, पिशवी तपासून आत सोडतात. असेंब्लीचं (आपली विधानसभा समजा) सभागृह हिरवं, सिनेटचं, म्हणजे वरचं, लाल, असेंब्लीत अध्यक्षांच्या आसनावर भिंतीवर लिंकन. मी गॅलरीत बसून पहिल्यांदा काय शोधलं असेल तर आमचं टेबल. नाही. चौकशी केली तर कळलं, तिथे भाषणं शब्दशः उतरवून छापतच नाहीत. त्यांच्या जर्नलमध्ये ठराव, दुरुस्त्या आणि कोणी कसं मत दिलं एवढंच. म्हणजे माझ्या धंद्याचा माणूसच त्या इमारतीत नको होता. थोडा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळे एक झालं. अन्रूचं मोठेपण त्याच्या भाषणांत शोधायचा मोह राहिला नाही, आणि ते तसंही तिथे नाहीच.

जन्म १९२२, कॅन्ससमधलं न्यूटन. जर्मन मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचं घराणं, पाच भावंडांत धाकटा. लहानपणीच कुटुंब टेक्सासला गेलं, बाप दुसऱ्याच्या रानात वाट्याने शेती करायचा. महायुद्धात हा नौदलात, अलास्कापलीकडच्या अल्यूशियन बेटांवर. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलत होतं, त्यावर लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९४८ ला पदवी घेतली. १९५० ला असेंब्लीला उभा राहिला, पडला. १९५२ ला पुन्हा पडला. १९५४ ला आला.

आला ते सभागृह कसलं होतं? सम वर्षी ३० दिवस फक्त अर्थसंकल्प, विषम वर्षी १२० दिवसांचं अधिवेशन. पगार महिना ५०० डॉलर. म्हणजे आमदार हा मुळात वकील, शेतकरी किंवा विमा एजंट, आणि सवडीने कायदे करणारा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तेव्हा असंच होतं आणि लोकांना त्याचा अभिमानही होता. आता यात एक गोष्ट मिसळा, जी आपल्याकडे नाही. तिकडे गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, पण तो सभागृहात बसत नाही. त्याचे खातेप्रमुखही बसत नाहीत. प्रश्नोत्तराचा तास नाही, लक्षवेधी नाही. आपल्याकडचा आमदार निदान मंत्र्याला उभा करून विचारू तरी शकतो. तिथल्याने कोणाला विचारायचं?

लॉबीवाल्याला, म्हणजे कंपन्यांच्या वतीने आमदारांना वळवणाऱ्या माणसाला. दुसरं कोणीच नव्हतं. अन्रूच्या आधीच्या पिढीत आर्टी सॅमिश नावाचा इसम होता. दारू कंपन्या, रेसकोर्स, बस कंपन्या अशांचा माणूस. १९४९ मध्ये त्याने एका मोठ्या मासिकासाठी मांडीवर बोलकी बाहुली घेऊन फोटो काढून घेतला. बाहुली म्हणजे विधिमंडळ आणि बोलणारा आपण. विधिमंडळाचा गव्हर्नर मी आहे असंही म्हणाला. पुढे १९५३ मध्ये आयकर चुकवल्याबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगातही गेला, पण त्याची खुर्ची रिकामी राहिली नाही, तिथे दहा जण आले.

अन्रू हे बघत होता आणि १९५९ मध्ये अर्थसमितीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी वकीलबाईंनी सांगितलेला कायदा. त्याच वर्षी हप्त्याने वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकांना संरक्षण देणारा त्याच्याच नावाचा आणखी एक कायदा. १९६१ मध्ये स्पीकर. आपला अध्यक्ष निदान नियमाने तरी तटस्थ असावा लागतो. त्यांचा स्पीकर उघड उघड पक्षाचा पुढारी असतो. कोण कुठल्या समितीवर, कोण समितीचा प्रमुख, कुठलं विधेयक कुठल्या समितीकडे जाऊन वाचणार किंवा मरणार, सगळं त्याच्या हातात. त्या खुर्चीवर अन्रू जवळपास सात वर्षं बसला.

त्या सत्तेचं त्याने जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर कुठे कोणी पुतळा बांधणार नाही. त्याने नोकर भरले. प्रत्येक समितीला स्वतःचे पगारी सल्लागार. शाळांचा विषय जाणणारा, करांचा जाणणारा, पाण्याचा जाणणारा. हे लोक गव्हर्नरच्या खात्याचे नोकर नव्हते आणि कंपन्यांचेही नव्हते. विरोधी पक्षालाही स्वतःचे सल्लागार दिले. १९६७ मध्ये असेंब्लीचं वेगळं संशोधन कार्यालय काढलं. विद्यापीठातून शिकून आलेली पोरं एक वर्ष विधिमंडळात काम करतील अशी योजना त्याच्याआधीच सुरू झाली होती, तीही वाढवली. त्यांना आज त्याच्या नावाचे फेलो म्हणतात.

बोकाभाऊ म्हणतात कोणीतरी सचिवाने लिहिलं असणार. अहो, मुद्दाच तो आहे. कोणाच्या सचिवाने?

ठाणेकरांना कळेल अशी आणखी एक बाब. असेंब्ली लोकसंख्येवर निवडली जायची, पण सिनेट जिल्ह्यांवर. ४० जागा. लॉस एंजेलिस जिल्ह्यात ६० लाख माणसं, सिनेटर एक. पूर्वेच्या डोंगरातले अल्पाइन, इन्यो आणि मोनो हे तीन जिल्हे मिळून १४,२९४ माणसं, सिनेटर एक. आपल्याकडे २००९ च्या आधी ठाणे जिल्ह्यात, पालघर धरून, १३ आमदार होते. बेलापूरच्या एका मतदारसंघात मावेनाशी गर्दी झाली तरी नकाशा १९७१ च्या जनगणनेवर थांबलेला. फेररचना झाली आणि १३ चे २४ झाले. तिकडे १९६४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अलाबामाच्या खटल्यात सांगितलं की आमदार हे माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. दोन वर्षांत कॅलिफोर्नियाचं सिनेट उलटंपालटं झालं. त्या निकालाचं श्रेय अन्रूचं नाही. पण शहरी आमदार बळकट झाले तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार माणसं होती, ती त्याची.

जेवायला हाक आली आहे. बाकीचं नंतर.

वाशीचा बोका

काका, मानलं. पण हे सगळं ऐकून मला एवढंच दिसतं की लोकांच्या पैशावर आणखी बाबू भरले आणि आमदारांचा पगार वाढवला. आणि पैशाबद्दलचं त्याचं ते प्रसिद्ध वाक्य तुम्ही सोयीस्कर गाळलंत. एपीएमसीत धंदा करतो, मला कळतं कोण कोणाचं खातो.

प्रतिवेदक, नौपाडा

गाळलं नव्हतं, भाजी निवत होती.

‘पैसा म्हणजे राजकारणाला आईचं दूध.’ त्याच्या नावावर हे वाक्य कायमचं चिकटलं, आणि ते तो चघळून चघळून बोलला नव्हता, तसं जगत होता. पूर्वी लॉबीवाले एकेका आमदाराला थेट पैसे द्यायचे. अन्रूने सांगितलं, माझ्याकडे द्या. मग पक्षाच्या कुठल्या उमेदवाराला किती द्यायचे ते तो ठरवायचा. यात हिशोब साधा आहे. ज्याला निवडणुकीला पैसे अन्रूने दिले, तो स्पीकरच्या निवडणुकीत मत अन्रूला देणार. लॉबीवाल्याची आमदारावरची पकड सुटली आणि अन्रूची बसली. नव्या आमदारांना तो सांगायचा, शिव्या वगळून लिहितो, की ज्याला त्यांचं खाऊन पिऊन सकाळी त्यांच्याच विरुद्ध मत देता येत नाही त्याने या धंद्यात येऊ नये. स्वतः तो ते करू शकायचा. बाकीच्यांचं काय, हा बोकाभाऊंचा प्रश्न अगदी रास्त आहे. मीही त्याला साधू म्हणत नाही.

आणि दांडगाईचं म्हणाल तर १९६३ चा जुलै घ्या. शाळांच्या निधीचं विधेयक आणि अर्थसंकल्प अडला होता. अर्थसंकल्पाला दोन तृतीयांश मतं लागायची, म्हणजे ८० पैकी ५४, तेव्हा विरोधातल्या रिपब्लिकनांशिवाय चालणार नव्हतं (अन्रू डेमोक्रॅट). ते म्हणाले, शाळांच्या पैशाची तडजोड काय ठरली ते आधी दाखवा, नाहीतर मतच देणार नाही. अन्रूने दारं लावून घेतली. आपल्याकडे मतविभागणीला घंटा वाजते आणि लॉबीची दारं लागतात, ती काही मिनिटांसाठी. याने रात्रभर कोंडून ठेवलं, दुसरा दिवस उजाडला तरी सोडेना. विरोधकांना आयतं हुतात्मा केलं. वर्तमानपत्रांत आमदार कोचावर झोपलेले, आणि हा लठ्ठ, तापट, ‘बिग डॅडी’ म्हणवला जाणारा माणूस गडगडतोय. माझी नोकरी तिथे असती तर त्या रात्री लघुलिपीच्या किती वह्या भरल्या असत्या याचा विचार येतो, पण मघाशी म्हटलं तसं, त्यांना गरजच नाही.

त्यानंतर त्याने वजन उतरवलं, सूट बदलले, विद्यापीठांतून व्याख्यानं द्यायला लागला. लोक याला सोंग म्हणाले. असेलही. पण १९६६ मध्ये मतदारांपुढे घटनादुरुस्ती आली, प्रपोझिशन १-ए. दरवर्षी अधिवेशन, मुदतीची अट नाही, पगार वर्षाला ६,००० वरून १६,००० डॉलर. तेव्हाचा गव्हर्नर पॅट ब्राउन आणि त्याला पाडायला निघालेला रोनाल्ड रेगन, दोघांनीही पाठिंबा दिला होता. स्वतःचा पगार वाढवून घेणाऱ्या पुढाऱ्यांना लोक मत देतात असं तुम्ही कधी पाहिलंय का? तिथे प्रचंड बहुमताने दिलं. १९७१ मध्ये एका नागरी संस्थेने पन्नासही राज्यांची विधिमंडळं तपासली, तेव्हा कॅलिफोर्निया पहिला आला.

बाबू वाढले, हे खरंच. माझा पगारही तुमच्याच करातून यायचा, बोकाभाऊ.

कळवा नाका

मध्येच विचारतो. रॉबर्ट केनेडींना मारलं त्या रात्री हाच होता ना तिथे? कुठेतरी वाचल्याचं आठवतंय.

प्रतिवेदक, नौपाडा

हाच. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातला केनेडींचा राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार अन्रू सांभाळत होता. ५ जूनला मध्यरात्रीनंतर, लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसडर हॉटेलमध्ये, तिथली पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्यावर, विजयाचं भाषण झालं, आणि केनेडी मुदपाकखान्यातून बाहेर पडत असताना गोळ्या सुटल्या. गोळ्या झाडणाऱ्या सरहान सरहानला जमाव तिथेच चेचणार होता. अन्रू टेबलावर चढला आणि ओरडला, याला जिवंत ठेवा. पाच वर्षांपूर्वी डॅलसमध्ये, रॉबर्टचे भाऊ राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑस्वल्डला पोलिसांच्या ताब्यात असताना मारलं होतं आणि त्याच्याबरोबर सगळी उत्तरं गेली होती, ते त्याच्या डोक्यात होतं. मग पोलिसांच्या ज्या गाडीतून सरहानला नेलं, त्यात अन्रू स्वतः बसून गेला.

आयुष्यभर बळजबरीने दारं लावणाऱ्या माणसाने त्या रात्री बळाचा उपयोग एका खुन्याला कोर्टापर्यंत पोचवायला केला. मला त्याच्याबद्दल जो काही आदर आहे त्यातला बराचसा तिथला आहे, असेंब्लीतला नाही.

टॅबकी, ऐरोली

काका, रबाळ्याला गाडी थांबली तेव्हा वाचायला सुरुवात केली आणि ठाणे आलं. आभार. आजच टीमला सांगितलं की अन्रू हे गाव नाही. आमच्या लीडचा प्रश्न: रेगनविरुद्ध उभा राहून हरला तो हाच का? आणि माझा प्रश्न वेगळा आहे. त्याने जी माणसं नेमली, ते शाळांचे, पाण्याचे जाणकार, त्यांचं पुढे काय झालं? आमच्याकडे प्रोजेक्ट संपलं की चांगले लोक सगळ्यात आधी जातात.

प्रतिवेदक, नौपाडा

लीडना सांगा, हो, १९७० मध्ये. त्याच्याआधी १९६८ च्या निवडणुकीत असेंब्लीतलं बहुमत गेलं आणि १९६९ च्या जानेवारीत स्पीकरची खुर्चीही. गव्हर्नरपदाच्या प्रचाराची सुरुवात त्याने तिथल्या, सप्टेंबरातल्या कामगार दिनी एका नाटकाने केली. पत्रकारांनी भरलेली बस घेऊन बेल एअरमधल्या हेन्री साल्वाटोरी या तेलसम्राटाच्या बंगल्यासमोर गेला. रेगनच्या कर धोरणाने अशांचा फायदा होतो हे दाखवायला. यजमान नवराबायको बाहेर आले, वाद घातला, आणि टीव्हीवर दिसला तो एक जाडजूड पुढारी दुसऱ्याच्या फाटकाशी भांडताना. हरला. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या महापौरपदालाही हरला, तिथे टॉम ब्रॅडली आले.

मग १९७४ मध्ये राज्याचा खजिनदार म्हणून निवडून आला. त्या पदाकडे तोवर कोणी ढुंकून बघत नव्हतं. याने बघितलं की खजिनदार हा राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या पेन्शन फंडाच्या मंडळावर असतो, आणि त्या फंडांकडे कंपन्यांचे शेअर असतात. १९८४ मध्ये टेक्साको या तेल कंपनीने एका बड्या भागधारकाला गप्प बसवण्यासाठी त्याचे शेअर चढ्या भावाने परत घेतले, बाकीच्यांना विचारलंही नाही. अन्रूने १९८५ मध्ये निरनिराळ्या पेन्शन फंडांना एकत्र आणून संस्थागत गुंतवणूकदारांची परिषद उभी केली. मी पेन्शनर असल्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला. आणि हो, राज्याचे रोखे विकणाऱ्या बँकांकडून निवडणुकीसाठी देणग्याही तो घेतच राहिला, म्हणजे बोकाभाऊंना जागरण नको. ४ ऑगस्ट १९८७ ला कर्करोगाने गेला, त्या पदावर असतानाच. वय ६४.

आता तुमचा प्रश्न. त्याच्यानंतर स्पीकरांनी ती नोकरभरती कशी वापरली, तर पुष्कळदा पक्षाच्या कामाला. सल्लागार निवडणुकीच्या मोसमात प्रचाराला जायला लागले. लोक चिडले. १९९० मध्ये प्रपोझिशन १४० आलं. असेंब्लीत कोणालाही तीनपेक्षा जास्त वेळा बसता येणार नाही, आणि विधिमंडळाच्या खर्चात मोठी कपात. थोड्या मताधिक्याने का होईना, मंजूर झालं. कपात पगारांतून करायची म्हणजे माणसं कमी करायची. तुम्ही म्हणता तेच. ज्यांना वीस-वीस वर्षांचा अनुभव होता ते आधी गेले. आणि त्यांतले कितीतरी, रस्ता ओलांडून, लॉबीवाल्यांच्या कार्यालयांत बसले. पगार तिथे जास्त होता.

वाशीचा बोका

बघा. म्हटलं नव्हतं?

खाडीपलीकडची वकील

टॅबकी, मेणबत्तीवाल्याला विचार, त्याचं खरंखुरं दुकान आहे का कुठे. मग रकाना भर.